चक्रीवादळे आणि कोकणातील लघुव्यवसाय : आगोटीच्या परंपरेच्या आधारे पूर्वतयारीचा विचार

सारांश

चक्रीवादळाच्या पूर्वसूचनेमुळे गेल्या दोन दशकांत मनुष्यहानी लक्षणीयरीत्या कमी झाली आहे. किनारपट्टीवरील छोट्या व्यावसायिकाची उपजीविका मात्र अद्याप तितकीच असुरक्षित आहे. वादळ काही तासांत निघून जाते. त्यानंतरचे वीज, माल, हिशेब आणि पत यांवाचूनचे आठवडे व्यवसायाला अधिक घातक ठरतात. प्रस्तुत लेखात कोकणातील लघुव्यवसायांच्या संदर्भात वादळपूर्व तयारीची अंगे स्पष्ट केली असून, पावसाळ्यापूर्वीच्या 'आगोटी'ची घरगुती परंपरा व्यवसायापर्यंत कशी विस्तारता येईल, याचा विचार मांडला आहे.

सूचक शब्द : चक्रीवादळ, कोकण, लघुव्यवसाय, आगोट, विमा, पूर्वतयारी

प्रस्तावना

दि. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. त्यावेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. वेळेवर मिळालेला इशारा आणि किनाऱ्यावरील लोकांचे स्थलांतर यांमुळे मनुष्यहानी मर्यादित राहिली, ही समाधानाची बाब होय. ओडिशातही हाच अनुभव आहे. तेथे ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१३ मधील 'फायलिन'च्या वेळी हा आकडा काही डझनांच्या आत राहिला.

माणूस वाचला, त्याचे दुकान, वाडी, होडी आणि उधारीची वही यांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. 'निसर्ग'नंतर अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. मोबाईलचे मनोरे बंद पडल्याने बँकेचे व्यवहार खोळंबले. त्यात टाळेबंदीचे दिवस असल्याने सुतार, गवंडी व वायरमन मिळणे दुरापास्त झाले. ज्याचे छप्पर एका दिवसात उडाले, त्याला व्यवसाय पूर्ववत करण्यासाठी काही महिने लागले. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देण्यास साधारणपणे पाच ते सात वर्षे घेते, हे लक्षात घेतल्यास बागायतदाराच्या हानीची लांबी ध्यानी येते.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे बदलते स्वरूप व पूर्वसूचनेची पद्धत समजून घेणे, (२) लघुव्यवसायाच्या हानीचे प्रकार स्पष्ट करणे, (३) अल्प खर्चात शक्य असलेल्या पूर्वतयारीची मांडणी करणे, (४) त्यातील महाविद्यालयांची भूमिका सुचविणे. लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून उपलब्ध दुय्यम माहितीवर आधारलेला आहे. हिशेबाची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणार्थ घेतली आहेत.

१. अरबी समुद्राचे बदलते वास्तव

वादळे बंगालच्या उपसागरात होतात आणि अरबी समुद्र शांत असतो, अशी समजूत पश्चिम किनाऱ्यावर दीर्घकाळ होती. तीत तथ्यही होते. कारण दोन्ही समुद्रांतील वादळांचे प्रमाण साधारण चारास एक असे राहिले आहे. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' वादळाने या समजुतीला मोठा धक्का दिला. २०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात 'वायू', 'हिक्का', 'क्यार', 'महा' आणि 'पवन' अशी पाच चक्रीवादळे निर्माण झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी, तर त्यांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढला. समुद्राच्या पृष्ठभागाचे वाढते तापमान हे यामागील एक प्रमुख कारण मानले जाते.

व्यवसायाच्या दृष्टीने वादळांचा हंगाम महत्त्वाचा आहे. अरबी समुद्रातील वादळे प्रामुख्याने मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर काळात येतात. कोकणात मे महिना म्हणजे हापूसचा, पर्यटकांचा, मासेमारीच्या अखेरच्या फेऱ्यांचा आणि पावसाळ्यासाठी माल भरण्याचा काळ. मे २०२१ च्या मध्यास 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले, तेव्हा रत्नागिरी व सिंधुदुर्गातील झाडांवरचा आंबा जमिनीवर आला. वर्षाचे उत्पन्न ज्या पंधरवड्यात हाती यायचे, नेमक्या त्याच पंधरवड्यात वादळाचा धोका असतो.

२. इशाऱ्याची भाषा

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाच्या सूचना चार टप्प्यांत देतो. प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या सुमारे ७२ तास आधी पहिली दक्षतेची सूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा आणि किनाऱ्यावर येण्यापूर्वी सुमारे १२ तास वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या परिणामांचा अंदाज, असे हे टप्पे होत. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाल्यावर चक्रीवादळ, ८९ किलोमीटरला तीव्र चक्रीवादळ आणि ११८ किलोमीटरला अति तीव्र चक्रीवादळ, अशी वर्गवारी केली जाते.

दुकानदाराच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ असा की, त्याच्या हाती जास्तीत जास्त तीन दिवस असतात. तीन दिवसांत छप्पर बदलता येत नाही, विमा उतरविता येत नाही आणि वर्षभराचा हिशेब लिहून काढता येत नाही. फक्त आधी ठरविलेले अमलात आणता येते. सूचना मिळणे आणि तिच्यावर निर्णय होणे यांत किती अंतर असू शकते, हे 'तौक्ते'च्या वेळी दिसले. वादळाची पूर्वसूचना उपलब्ध असतानाही मुंबईपासून दूर समुद्रात राहिलेला 'पी-३०५' हा निवासी तराफा १७ मे २०२१ रोजी बुडाला आणि साठाहून अधिक कामगारांनी प्राण गमावले. कोणत्या सूचनेवर कोणी काय करावयाचे, हे आधीच निश्चित असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

३. आगोट : परंपरेचे बळ आणि मर्यादा

कोकणी माणसाला पूर्वतयारी नवीन नाही. पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी करणे, सरपण कोरड्या जागी रचणे, पडवीला झड्या बांधणे, तांदूळ, डाळी, मीठ आणि सुकी मासळी भरून ठेवणे या सर्वांना मिळून 'आगोट' म्हणतात. रस्ते बंद होतील आणि बाजार मिळणार नाही, हे गृहीत धरून केलेले ते चार महिन्यांचे नियोजनच आहे. त्याचा काळ निश्चित असतो, कामे वाटून दिलेली असतात आणि कोणी सांगण्याची वाट पाहिली जात नाही.

परंतु या परंपरेला दोन मर्यादा आहेत. पहिली, आगोट पावसासाठी आहे, वाऱ्यासाठी नाही. पावसाचे पाणी वरून येते. त्यासाठी छपराला उतार असला आणि कौल नीट बसविलेले असले की पुरते. वादळी वारा छपराला वर उचलतो; त्यासाठी छप्पर खाली बांधलेले असावे लागते. दुसरी मर्यादा व्यापाराची आहे. आगोटीच्या खरेदीसाठी दुकानदार मे महिन्यात सर्वाधिक माल भरतो, बहुधा उधारीवर. जी प्रथा घराला सुरक्षित करते, तीच दुकानाची जोखीम वाढविते. घराची आगोट पूर्ण होते. दुकानाची स्वतंत्र आगोट मात्र नसते.

४. हानीचे दोन प्रकार

लघुव्यवसायाची हानी दोन प्रकारची असते. पहिली प्रत्यक्ष : छप्पर, माल, यंत्रे, होड्या व झाडे यांची. ती दिसते, मोजता येते आणि पंचनाम्यात नोंदली जाते. दुसरी व्यवसाय खंडित झाल्याची : वीज नसल्याने बंद राहिलेली गिरणी, बर्फाअभावी टाकून द्यावी लागलेली मासळी, पर्यटकांनी रद्द केलेले आरक्षण, भिजून वाचता न येणारी उधारीची वही. ही हानी पंचनाम्यात सहसा येत नाही. दरम्यान भाडे, कर्जाचा हप्ता आणि नोकराचा पगार चालूच असतो. इमारत उभी राहूनही दुकान कायमचे बंद पडते, ते बहुधा या दुसऱ्या प्रकारामुळे.

५. पूर्वतयारीची अंगे

(अ) छप्पर व दारे : वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ६० वरून १२० किलोमीटर झाला की दाब दुप्पट न होता चौपट होतो. १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो वजनाइतका भरतो. त्याच क्षेत्रफळाच्या लोखंडी पत्र्याचे वजन जेमतेम चार ते पाच किलो असते. पत्र्यावर ठेवलेले दगड वा वाळूची पोती म्हणूनच अपुरी पडतात, शिवाय उडाल्यास ती घातक ठरतात. पत्रा वाशांना, वासे भिंतीला आणि भिंत पायाला जोडलेली असावी. यांपैकी सर्वांत कच्चा सांधा प्रथम सुटतो. पन्हळीकडेच्या व कोपऱ्यांतील हूक जवळजवळ असावेत, कारण तेथेच ओढ सर्वाधिक असते. शटर वा खिडकी फुटून वारा आत शिरला, तर आतून वर रेटणारा दाबही वाढतो. यास्तव शटरला मध्यभागी आतून आडणा लावणे हा छपराच्याच संरक्षणाचा भाग आहे. गंजलेले हूक एप्रिलमध्ये बदलण्याचा खर्च जूनमधील नव्या छपराच्या तुलनेत अत्यल्प असतो.

(आ) माल : वादळाबरोबर अतिवृष्टी येते. चिपळूणची बाजारपेठ २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी जुलै महिन्यात पुराखाली गेली. जुन्या पुराची खूण ज्या उंचीवर आहे, तिच्यावर मौल्यवान व नाशवंत मालाची फळी असावी. आगोटीचा सर्व माल एकाच वेळी न भरता दोन टप्प्यांत मागविणे आणि घाऊक व्यापाऱ्याशी तशी बोलणी करून ठेवणे, हा जोखीम कमी करण्याचा बिनखर्चाचा मार्ग आहे.

(इ) वीज : पूर्ण भरलेला डीप फ्रीझर दार न उघडल्यास साधारण दोन दिवस, अर्धा भरलेला सुमारे एक दिवस थंडावा टिकवून धरतो. त्यानंतर मासळी, दूध व शीतसाखळीतील औषधे यांचे काय करावयाचे, हे आधी ठरवावे. जनरेटर एकट्याला परवडत नसल्यास तीन-चार दुकानदारांनी मिळून भाड्याचा करार करावा. जनरेटर बंद खोलीत चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड वायूने मृत्यू ओढवू शकतो. तद्वतच मुख्य वाहिनीपासून जोडणी वेगळी न केल्यास वीज उलट दिशेने तारेत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतते.

(ई) हिशेब व कागदपत्रे : छोट्या दुकानदाराची खरी मालमत्ता पुष्कळदा उधारीच्या वहीत असते. वही गेली की गिऱ्हाईक नाकारत नाही, परंतु आकडाही सांगता येत नाही. दर शनिवारी वहीच्या पानांची मोबाईलवर छायाचित्रे घेऊन ती जिल्ह्याबाहेरील नातलगास पाठविणे, एवढ्यानेही हा धोका टळतो. दुकान परवाना, जागेचा करार, विमा पॉलिसी, खरेदीची बिले आणि मालसाठ्याची नोंद यांच्या प्रती अशाच ठेवाव्यात. जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याने आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट कायद्यानुसार परत करावी लागते. म्हणजेच हानी मालाच्या किमतीएवढी न राहता करासह होते.

(उ) विमा : एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने लहान व्यवसायांसाठी प्रमाणित पॉलिसी लागू केल्या. एका ठिकाणच्या पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी असून तीत वादळ व पूर यांचा समावेश आहे. तथापि तीन गोष्टी तपासणे आवश्यक आहे.

पहिली, विम्याची रक्कम. समजा, दुकानातील माल २० लाखांचा आहे, विमा १० लाखांचा आहे आणि ६ लाखांचा माल भिजला. दुकानदारास वाटते की ६ लाख मिळतील. प्रत्यक्षात त्याने निम्म्याच मालाचा विमा उतरविला असल्याने हानीचीही निम्मीच भरपाई, म्हणजे ३ लाख रुपये, मिळू शकते. वरील प्रमाणित पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून अधिक नाही. विमा वर्षातील सरासरी मालावर न काढता मे महिन्यातील सर्वाधिक मालावर काढावा, हे यावरून स्पष्ट होईल. दुसरी, बँकेने कर्जासाठी उतरविलेला विमा. तो कोणत्या मालमत्तेचा व किती रकमेचा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. तिसरी, बुडालेल्या नफ्याचे संरक्षण मूळ पॉलिसीत नसते, ते वेगळे घ्यावे लागते. ते न घेतल्यास किमान दोन महिन्यांचे भाडे, हप्ता व पगार भागेल एवढी रक्कम बाजूला ठेवणे हाच पर्याय उरतो.

शासकीय मदत ही भरपाई नसून आधार असते. जुलै २०२१ च्या महापुरानंतर राज्य शासनाने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त १० हजार रुपये मदत जाहीर केली होती. वरील उदाहरणातील ६ लाखांच्या हानीशी हा आकडा ताडून पाहावा.

६. अखेरचे बहात्तर तास

पहिली सूचना मिळताच येणारा माल थांबविणे, पर्यटकांना फोन करून आरक्षणाच्या तारखा बदलणे, बँकेतून गरजेपुरती रोकड काढणे, मोबाईल व बॅटऱ्या भारित करणे आणि दुकानाची आतून-बाहेरून छायाचित्रे घेणे ही कामे करावीत. दुसऱ्या दिवशी माल उंचावर चढवावा, फलक, कुंड्या, खुर्च्या व छपरावरील सुटे सामान आत घ्यावे आणि नौका सुरक्षित बंदरात घट्ट बांधाव्यात. अखेरच्या दिवशी विजेचे मुख्य बटण व गॅसचे सिलिंडर बंद करून नोकरांना घरी सोडावे आणि स्वतःही दुकानात थांबू नये. दुकान राखण्यासाठी पत्र्याखाली थांबलेला माणूस दुकान वाचवू शकत नाही, उलट प्राणास मुकू शकतो. वारा एकाएकी थांबल्यास वादळ संपले असे समजू नये. केंद्रभाग सरकून गेल्यावर तो विरुद्ध दिशेने पुन्हा सुटतो.

७. वादळानंतर

वादळानंतर दोन स्वतंत्र प्रक्रिया सुरू होतात आणि त्यांत बहुधा गल्लत होते. शासकीय मदतीसाठी महसूल यंत्रणेचा पंचनामा असतो. विम्यासाठी कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरची पाहणी असते. एक झाल्याने दुसरी होत नाही. विमा कंपनीस त्वरित लेखी कळवावे. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. मात्र उरलेला माल आणखी भिजू नये म्हणून ताडपत्री घालणे ही विमेदाराचीच जबाबदारी असते. साफसफाईपूर्वीची छायाचित्रे आणि पहिल्या सूचनेनंतर घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवली की दाव्यास बळकटी येते. कर्ज असल्यास बँकेकडे अर्ज करावा. नैसर्गिक आपत्तीत बाधित कर्जदारांच्या हप्त्यांची पुनर्रचना करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. हप्ता थकल्यावर जाण्यापेक्षा थकण्यापूर्वी जाणे श्रेयस्कर होय.

८. महाविद्यालयांची भूमिका

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे स्थापन झाली. या यंत्रणेचा भर स्वाभाविकच जीवरक्षणावर आहे. बाजारपेठेतील शेवटच्या टपरीपर्यंत पोहोचण्याइतके मनुष्यबळ तिच्याजवळ नाही. ते महाविद्यालयांजवळ आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून महाविद्यालयाच्या परिसरातील प्रत्येकी पाच दुकानांची एकपानी 'आगोट पत्रिका' तयार करावी. तीत मे महिन्यातील सर्वाधिक मालाची किंमत, विम्याची रक्कम, जुन्या पुराची उंची, छपराची स्थिती, महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक आणि बहात्तर तासांतील कामांची वाटणी एवढ्याच नोंदी असाव्यात. भौतिकशास्त्र विभागास छपरावरील दाबाचे गणित, भूगोल विभागास पुराच्या खुणांचे नकाशे आणि राष्ट्रीय सेवा योजनेस हूक तपासणीची मोहीम हाती घेता येईल. विम्याची अपुरी रक्कम हा विषय विद्यार्थी वर्गात शिकतो. स्वतःच्या वडिलांच्या दुकानाची पॉलिसी उघडून पाहिली की तो त्याला खऱ्या अर्थाने कळतो.

निष्कर्ष

१. अरबी समुद्रातील वादळांची वाढ लक्षात घेता कोकणातील व्यवसायांनी वादळ हा अपवाद न मानता हंगामाचा भाग मानणे आवश्यक आहे.

२. पूर्वसूचनेचा काळ केवळ अंमलबजावणीस पुरतो. निर्णय, दुरुस्ती व विमा ही कामे एप्रिलअखेर पूर्ण व्हावयास हवीत.

३. छप्पर बांधून घेणे, माल टप्प्याने भरणे, हिशेबाची प्रत बाहेरगावी ठेवणे आणि विमा सर्वाधिक मालावर उतरविणे या चार गोष्टी अल्प खर्चाच्या असून हानीचा मोठा भाग टाळू शकतात.

४. आगोटीची परंपरा ही पूर्वतयारीची तयार चौकट आहे. तीत वारा आणि व्यवसाय या दोन नव्या बाबींची भर घालणे एवढेच आवश्यक आहे.

कोकणातील घरात पहिल्या पावसाच्या दिवशी कोणी सरपण गोळा करावयास निघत नाही. ते आधीच माळ्यावर चढलेले असते. दुकानाची वही, विमा आणि छप्पर यांबाबतही हीच सवय लागली, तर वादळानंतर दुकान पुन्हा उघडण्यास लागणारे महिने आठवड्यांवर येऊ शकतील.